सैनिकाचा ताण आणि त्याच्या नोकरीचे समाधान

सैनिकाविषयी आपल्या घरांतून दोनच प्रसंगी भरभरून बोलले जाते. एक, तो भरती झाला म्हणजे. आणि दुसरे, तो तिरंग्यातून परत आला म्हणजे. या दोहोंच्या मधली पंधरा-सतरा वर्षे मात्र तो नोकरी करीत असतो. त्या नोकरीत वरिष्ठ असतात, बढती असते, बदली असते, रजेचा अर्ज असतो आणि तो अर्ज नामंजूरही होतो. या मधल्या वर्षांविषयी प्रस्तुत लेखात थोडे लिहावयाचे आहे. आपल्या सभासदांत माजी सैनिकांची आणि सैनिकांच्या आईवडिलांची संख्या कमी नाही. संध्याकाळी अभ्यासिकेत बसणारी काही मुले पहाटे मैदानावर सोळाशे मीटर धावण्याची तयारी करताना आम्ही पाहतो. तेव्हा विषय परका नाही.

प्रथम ताण म्हणजे काय ते पाहू. अंगावर पडलेले काम आणि ते पेलण्याची आपली ताकद यांत अंतर पडले की ताण येतो, असे ढोबळमानाने म्हणता येईल. परंतु केवळ काम जास्त म्हणून ताण जास्त, असे होत नाही. रॉबर्ट कॅरासेक या संशोधकाने १९७९ साली मांडले की, जेथे कामाची मागणी मोठी आणि ते काम कसे व केव्हा करावे याचा अधिकार मात्र थोडा, तेथे मनुष्य सर्वाधिक पिचतो. आता संत्री ड्यूटीवरचा जवान डोळ्यांसमोर आणा. रात्री दोन ते चार डोळ्यांत तेल घालून उभे राहायचे. काही घडत नाही, पण क्षणभर दुर्लक्ष झाले तर सगळेच घडू शकते. कोठे उभे राहायचे, केव्हा उभे राहायचे, केव्हा खाली यायचे, यांतले काहीही त्याच्या हाती नाही. चकमकीचा ताण मोठा खरा, पण तो येतो आणि जातो. वाट पाहण्याचा ताण रोजचा असतो.

समाधानाचे गणित याहून निराळे आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे दोनशे इंजिनिअर व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली आपला सिद्धांत मांडला. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता ठाऊक असतोच. त्यांचे म्हणणे असे की, पगार, राहण्याची सोय, वरिष्ठांची वागणूक, नियम या गोष्टी वाईट असल्या तर मनुष्य असमाधानी होतो. पण त्या चांगल्या केल्या म्हणजे तो समाधानी होतोच असे नाही. समाधान येते ते कामातूनच. काम पार पाडल्याचा आनंद, कोणी तरी दखल घेणे, जबाबदारी मिळणे यांतून ते येते. या सिद्धांतावर पुष्कळ टीका झाली. यश मिळाले की मनुष्य ते स्वतःकडे घेतो आणि अपयशाचे खापर व्यवस्थेवर फोडतो, मग मुलाखतीत दुसरे काय येणार, असा एक आक्षेप आहे आणि तो आम्हांस रास्त वाटतो. तरीही सैनिकाच्या बाबतीत ही दुहेरी मोजपट्टी उपयोगी पडते. तोच जवान एका दमात म्हणतो, ‘नोकरी फार त्रासाची आहे’ आणि दुसऱ्या दमात म्हणतो, ‘पुन्हा जन्म मिळाला तर पुन्हा फौजेतच जाईन.’ ऐकणाऱ्यास वाटते, याचे कोणते तरी एक म्हणणे खोटे असावे. दोन्ही खरी असतात. पहिले वाक्य रजेविषयी, खोलीविषयी, साहेबाच्या बोलण्याविषयी असते; दुसरे पलटणीविषयी असते.

सर्वसामान्य समज असा की सैनिकाचा ताण म्हणजे गोळीची भीती. तशी ती असतेच. सियाचीनसारख्या ठिकाणी तर शत्रूपेक्षा हवामान भारी. १९८४ च्या एप्रिलपासून तेथे आपले सैन्य आहे आणि तेथे गेलेल्या बळींत गोळीबारापेक्षा हिमकडे, थंडी व विरळ हवेचे बळी अधिक आहेत. परंतु सैनिकांच्या ताणाची कारणे जेव्हा त्यांनाच विचारली जातात, तेव्हा यादीत वेगळ्याच गोष्टी पुढे येतात. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन ऑफ इंडिया या संस्थेतील एका अभ्यासाची २०२१ च्या आरंभी वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली. निम्म्याहून अधिक सैनिक तीव्र ताणाखाली असल्याचे त्यात म्हटले होते. पाहणी केलेल्यांची संख्या फार थोडी आहे असे सांगून सैन्याने तो निष्कर्ष मानला नाही, आणि अल्प नमुन्यावरून लाखोंच्या सैन्याविषयी बोलू नये हे तत्त्व म्हणून बरोबरच आहे. पण टक्केवारी बाजूला ठेवून त्यातली कारणे वाचावीत. दहशतवादविरोधी कारवाईत दीर्घकाळ राहणे हे तर होतेच. त्याशिवाय जवान व सुभेदार वर्गाने सांगितलेली कारणे म्हणजे रजा उशिरा मिळणे किंवा नाकारली जाणे, कामाचा अतिरेक, घरगुती अडचणी, वरिष्ठांकडून होणारा अपमान, मोबाईलवरील अवास्तव बंधने आणि करमणुकीच्या साधनांचा अभाव. अधिकाऱ्यांची यादी निराळी. तीत नेतृत्वाचा दर्जा, अपुरी साधने, सारख्या होणाऱ्या बदल्या आणि बढती-बदलीतील अपारदर्शकता. वरच्याला न्याय हवा आहे, खालच्याला रजा आणि मान हवा आहे, असा आम्ही त्याचा अर्थ घेतो.

रजेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण सारे घर तिच्याभोवती फिरत असते. जवानास वर्षाला साठ दिवसांची वार्षिक रजा आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते. बँकेतल्या आम्हां लोकांना हा आकडा ऐकून हेवा वाटतो. परंतु आम्ही रोज संध्याकाळी घरी जातो. आमची रजा ही घरातल्या घरात मिळणारी चैन आहे. त्याची रजा म्हणजे त्याचे सबंध कौटुंबिक आयुष्य. त्या नव्वद दिवसांत पेरणी, भावाचे लग्न, मुलीचा शाळाप्रवेश, वडिलांचे मोतीबिंदू, गळके छत आणि तलाठ्याकडची फेरफार नोंद हे सारे बसवायचे असते. एकदम सर्वांना सोडता येत नाही, म्हणून दिवाळीला कोणी जावे आणि कोणी थांबावे हे ठरवावे लागते. सीमेवर तणाव वाढला की मंजूर रजाही थांबते. आणि घरी येऊन काय? पहिले आठ दिवस पाहुणा, पुढचे आठ दिवस यजमान, आणि घराची घडी कळू लागते तोवर परतीचे तिकीट. लहान मूल ओळखीचे होईपर्यंत ट्रंक भरायची वेळ येते, असे एका हवालदारांनी आम्हांस सांगितले होते.

घरच्या अडचणींत सर्वांत चिवट अडचण जमिनीची. बांध कोरला, वाटणीत डावलले, शेजाऱ्याने भिंत पुढे घेतली. गावात पुरुष माणूस नाही हे पाहूनच हे होते. जवान हातात बंदूक घेऊन देशाची सीमा राखतो आणि इकडे त्याच्या बायकोला अर्धा हात बांधासाठी तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. या बाबतीत एक जुना कायदा आहे, तो विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. १९२५ चा ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) अ‍ॅक्ट’. विशेष परिस्थितीत सेवा बजावणारा सैनिक दिवाणी किंवा महसुली दाव्यात पक्षकार असेल आणि त्याच्या वतीने रीतसर हजर राहणारे कोणी नसेल, तर त्याच्या गैरहजेरीत निकाल लागू नये म्हणून दाव्याचे काम थांबविण्याची तरतूद त्यात आहे. त्याची परिस्थिती न्यायालयास कळविण्याचा मार्गही त्यात दिलेला आहे. शिवाय बहुतेक जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते आणि राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यास आहे. युनिटचे कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहू शकतात आणि लिहितातही. आमचा अनुभव असा की घरची मंडळी या कार्यालयात शेवटी जातात, आधी पुढाऱ्याकडे जातात.

मोबाईलविषयी दोन शब्द. पूर्वी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओच्या पत्त्यावर आंतर्देशीय पत्र जायचे. सासू-सुनेचे भांडण त्यात लिहिलेले असे, पण पत्र पोहोचेपर्यंत दहा-बारा दिवस जात आणि तोवर त्या दोघी एका ताटात जेवत असत. आता भांडण चालू असतानाच फोन लागतो. रात्री अकराला घरातले रडणे ऐकायचे आणि बाराला हत्यार घेऊन ड्यूटीवर उभे राहायचे, ही गोष्ट कल्पनेनेही जड जाते. मोबाईलवर बंधने आहेत म्हणूनही ताण, आणि मोबाईल आहे म्हणूनही ताण. आत्महत्यांसंबंधी संसदेत वेळोवेळी जी उत्तरे दिली गेली, त्यांत कौटुंबिक कलह, वैवाहिक बेबनाव आणि पैशाच्या अडचणी ही कारणे पुन्हा पुन्हा येतात. २०१० नंतरच्या वर्षांत भूसैन्यात असे मृत्यू वर्षाला शंभराच्या आसपास होत होते. सैन्याचा आकार पाहता कोणी म्हणेल की संख्या लहान आहे. ज्या घरी ते घडले त्या घराला प्रमाण शिकवता येत नाही. २००८ साली संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने सशस्त्र दलांतील ताण या एकाच विषयावर स्वतंत्र अहवाल दिला, यावरून प्रश्नाचे वजन कळावे.

मग समाधान कोठून येते? येथे दुसऱ्या महायुद्धातील एक मोठी पाहणी आठवते. सॅम्युअल स्टाउफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिकांना प्रश्न विचारले आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली ‘द अमेरिकन सोल्जर’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले. त्यात एक विलक्षण गोष्ट निघाली. हवाई दलात बढत्या भराभर मिळत, तर लष्करी पोलिसांत फार संथ. तरी बढतीविषयी अधिक नाराजी हवाई दलात होती. कारण उघड आहे. जेथे सोबतचे सर्वच पुढे जातात तेथे मागे राहिलेला जळतो. जेथे कोणीच जात नाही तेथे कोणास वाईट वाटत नाही. मनुष्य आपला पगार पगारपत्रकात पाहतो, पण समाधान शेजाऱ्याच्या पगारपत्रकात पाहतो. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी २०१५ साली माजी सैनिक दिल्लीस जंतरमंतरवर बसले, त्याच्या मुळाशीही हेच होते. एकाच हुद्द्यावर तितकीच वर्षे काढलेला, पण आधी निवृत्त झालेला, म्हणून कमी पेन्शन घेणारा, हे मनाला पटत नव्हते. सप्टेंबर २०१५ मध्ये सरकारने ती मागणी मान्य करून १ जुलै २०१४ पासून लागू केली. त्या काळात आमच्या काउंटरवर येणारे पेन्शनर थकबाकीची रक्कम विचारीत, आणि लगेच दुसऱ्या सुभेदारांना किती मिळाली तेही विचारीत. सातव्या वेतन आयोगाने लष्करी सेवा वेतन अधिकाऱ्यांसाठी १५,५०० आणि जवान व सुभेदार वर्गासाठी ५,२०० रुपये ठरविले, त्या फरकाविषयीही पुष्कळ कडवट बोलले गेले. थंडी हुद्दा पाहून वाजत नाही, असे एका सुभेदारसाहेबांचे म्हणणे, आणि त्याला उत्तर देणे कठीण आहे.

समाधानाचा दुसरा झरा पलटणीत आहे. शिल्स व जानोविट्झ या अभ्यासकांनी १९४८ साली पराभूत जर्मन सैन्याविषयी लिहिले. हरणारे सैनिकही शेवटपर्यंत लढत राहिले ते मुख्यतः विचारसरणीमुळे नव्हे, तर सोबतच्या चार-दहा माणसांमुळे, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे ‘नाम, नमक, निशान’ म्हणतात ते हेच. बडा खाना, लंगरातील जेवण, आंतरकंपनी कबड्डी यांना बाहेरचा मनुष्य गंमत समजतो. ती ताण वाटून घेण्याची व्यवस्था आहे. दहा जणांच्या सेक्शनमध्ये एखाद्याचे पत्र आले नाही किंवा एखादा जेवला नाही तर सेक्शन कमांडरला कळते. आमच्या शाखेत एखादा आठवडाभर जेवला नाही तरी कोणाच्या ध्यानात येईल की नाही, शंका आहे.

आपल्या समाजाला तर या गोष्टीचा निराळा अर्थ आहे. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते आणि बाबासाहेबांचा जन्म त्या छावणीतलाच. लष्करात सक्तीने शिकावे लागे, म्हणून त्या पिढीच्या सैनिकांच्या घरांत अक्षर आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भरतीचे दार बंद झाले, तेव्हा नोकरीबरोबर शाळा आणि मानही गेला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे केलेल्या अर्जात भरतीची मागणी आहे ती म्हणूनच. पहिल्या महायुद्धात उभी केलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार रेजिमेंट उभी राहिली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे, ब्रीद ‘यश सिद्धी’ आहे, तीत सर्व प्रांतांचे व जातींचे जवान आहेत, आणि जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे तिचेच दोन अधिकारी पुढे लष्करप्रमुख झाले. आमच्या आजोबांच्या पिढीने वर्दीतून जे समाधान घेतले ते पगारापेक्षा फार मोठे होते. गावात ज्याला चावडीबाहेर उभे केले जाई त्याला छावणीत हुद्द्याने हाक मारली जाई. आजच्या तरुणास तो मान कॉलेजात, कचेरीत, अन्यत्रही मिळू शकतो, म्हणून त्याचे वर्दीकडून असलेले मागणे बदलले आहे. आणि म्हणूनच वरिष्ठांकडून होणारा अपमान हे कारण आज यादीत ठळक दिसते. आजोबांनी कदाचित तो सोसला असता. नातू सोसत नाही, आणि आमच्या मते त्याने सोसू नये.

येथे एक घटनात्मक मुद्दा येतो. आम्हां बँकवाल्यांना युनियन आहे. बढतीत अन्याय झाला तर गेटवर घोषणा देता येतात, काळी फीत लावता येते. सैनिकास हे नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला सशस्त्र दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार दिला आहे आणि १९५० च्या आर्मी अ‍ॅक्टखाली संघटना करणे व वर्तमानपत्रांशी बोलणे यांवर बंधने आहेत. शिस्तीच्या दृष्टीने हे आवश्यक आहे, याविषयी दुमत नाही. पण मग तक्रारीला वाट ठेवावी लागते. त्याच कायद्याच्या कलम २६ व २७ नुसार जवानास व अधिकाऱ्यास अन्यायाविरुद्ध वर दाद मागता येते. महिन्याच्या सैनिक संमेलनात बोलता येते. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले व २००९ पासून त्याचे काम सुरू झाले. त्याचे एक पीठ मुंबईस आहे. तरी २०१७ च्या जानेवारीत काही जवानांनी आपली गाऱ्हाणी मोबाईलवर चित्रित करून पसरविली आणि त्यानंतर लष्करप्रमुखांनी तक्रारपेट्यांची व्यवस्था जाहीर केली. वाट कागदावर असणे आणि तिच्यावरून चालण्याचे धैर्य होणे यांत अंतर आहे.

हेच अंतर डॉक्टरांच्या दारातही असते. सैन्यात प्रकृतीची प्रतवारी ‘शेप’ या पद्धतीने होते आणि तिचे पहिले अक्षर मनःस्वास्थ्याचे आहे. प्रत घसरली तर बदली, बढती व पुढील सेवा यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून गुडघा दुखतो हे जवान सांगतो, झोप येत नाही हे सांगत नाही. समुपदेशक नेमले गेले, मानसिक सहायतेच्या हेल्पलाइन सुरू झाल्या, योग व ध्यानाचे वर्ग घेतले जातात, हे सर्व स्वागतार्ह आहे. ध्यान ही गोष्ट आपल्या सभासदांना कोणी नव्याने समजावून सांगावी अशी नाही. पण ध्यान हे रजेच्या ऐवजी देण्याचे औषध नव्हे, इतके येथे नोंदवितो. ज्याची आई आजारी आहे त्याला आधी रेल्वेचे तिकीट द्यावे, श्वासाकडे लक्ष देण्यास नंतर सांगावे.

मैदानावर धावणाऱ्या मुलांसाठी आता जून २०२२ पासून अग्निपथ योजना आहे. चार वर्षांची सेवा, पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० पासून चौथ्या वर्षी ४०,००० पर्यंत वेतन, त्यातून तीस टक्के निधीत, बाहेर पडताना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, पेन्शन नाही, आणि पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम. जमाखर्चाच्या दृष्टीने तरुण मुलासाठी रक्कम लहान नाही. पण वर पाहिलेल्या मोजपट्ट्या लावून पाहाव्यात. ज्या सेक्शनमध्ये चौघांपैकी एकच राहणार हे सर्वांना ठाऊक आहे, तेथे सोबती हा प्रतिस्पर्धीही असतो. सोबतीवर तर सारे समाधान उभे असते. याचा परिणाम काय होतो हे पहिल्या तुकड्यांच्या अनुभवावरून दिसेल. तोवर भरतीस जाणाऱ्याने चार वर्षांनंतरचे शिक्षण आजच ठरवून जावे आणि सेवानिधी येताच मोटारसायकलच्या दुकानात जाऊ नये. मुदत ठेवीचे व्याज त्याला आम्ही समजावून सांगू.

जुन्या पद्धतीने निवृत्त होणारा जवानही वयाच्या पस्तिशी-चाळिशीतच घरी येतो, आणि ताणाचा एक नवाच अध्याय सुरू होतो. सरकारी बँकांत माजी सैनिकांसाठी क वर्गात साडेचौदा आणि ड वर्गात साडेचोवीस टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे असे सहकारी आम्हांस नेहमी लाभतात. त्यांना एकदा विचारले की दोन नोकऱ्यांत कोणती बरी. ते म्हणाले, इथे रात्री घरी जाता येते हे एकच सुख, पण ते मोठे आहे. पहिले वर्ष मात्र अवघड गेले. तिकडे प्रत्येक गोष्टीला हुकूम होता, इकडे कोणी काही सांगत नाही आणि चुकले की सगळे बोलतात. घरातही तेच. मुलांना अकरा महिने आईच्या हुकमाची सवय, वडिलांनी पहाटे पाचला उठवलेले त्यांना चालेना. शेवटी त्यांनी उठवणे सोडले, स्वतः मात्र अजून पाचलाच उठतात आणि सोसायटीच्या मैदानावर पोरांची सोळाशे मीटरची वेळ घेतात.